नाशिकमधून गिर्यारोहण आणि उभ्या हिमउतारांवरचं स्कीइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या सरावाला येणारी मुलं, त्यांचे आईबाबा आणि कुणाकडून तरी नंबर घेऊन फोन करणारे अनोळखी लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. मी नाशिकच्या एका गिर्यारोहण संस्थेत शिकवते. हिमालयात मी बरेच हंगाम काढले आहेत, स्कीइंग मात्र उशिरा शिकले. उत्तरं त्या अनुभवातून दिली आहेत.

नाशिकला बर्फच पडत नाही. मग हे करिअर इथून होतं तरी का?

होतं, पण जास्त वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडे कातळ आहे आणि तो अव्वल आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आपल्याच सीमेवर उभं आहे. सर्वांत उंच किल्ला साल्हेर (१,५६७ मीटर) बागलाणात. धोडप, हरिहर, मार्कंड्या, मनमाडजवळची हडबीची शेंडी, ही सगळी एसटीच्या अंतरावर. दोराची शिस्त, उंचीवर डोकं शांत ठेवणं, बोटभर खाचेवर पाय रोवून उभं राहणं हे शिकायला नाशिककराला कुठे लांब जावं लागत नाही.

बर्फ मात्र आपला नाही. निफाडचा पारा कितीही उतरला आणि द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या, तरी बर्फाचं वागणं त्यातून कळत नाही. गुलमर्गचं किंवा मनालीचं पोर शाळेत जायच्या आधीपासून स्कीवर घसरत असतं. त्याला बर्फ जसा पायातून कळतो तसा आपल्याला कळायला हंगामामागून हंगाम घालवावे लागतात. म्हणून नव्या मुलाला मी किती शिखरं झाली हे विचारत नाही, बर्फात किती हिवाळे काढलेस ते विचारते.

उभ्या उतारावरचं स्कीइंग म्हणजे नेमकं काय? साध्या स्कीइंगपेक्षा वेगळं काय असतं?

पर्यटक जिथे स्कीइंग करतात ते उतार बहुतेक वेळा पंचवीस अंशांच्या आतच असतात, अवघड असले तर थोडे जास्त. उभ्या उताराची गोष्ट पंचेचाळीस अंशांच्या पुढे सुरू होते. पन्नास-पंचावन्न अंशांवर आडवं उभं राहिलात की डोंगराकडच्या हाताची कोपरं समोरच्या बर्फाला टेकतात. हरिहरच्या कातळपायऱ्या साधारण ऐंशी अंशांच्या आहेत, पण तिथे प्रत्येक पायरीत हाताला खोबण आहे. इथे खोबण नाही. पायाखाली स्कीची एक पातळ धार आणि त्या धारेने बर्फात कोरलेली बोटभर रेघ, एवढाच आधार.

अशा जागी वळण घेताना वाहत जाऊन चालत नाही, कारण वेग आला की थांबता येत नाही. स्कीअर खालच्या पायावर भार तोलतो, काठी खाली रोवतो, उडी मारून दोन्ही स्की हवेत फिरवतो आणि उलट्या दिशेने धार पुन्हा बर्फात बसवतो. मग श्वास घेतो. मग पुढची उडी. लांबून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. जवळून पाहिलं की समजतं, प्रत्येक उडी ही वेगळी परीक्षा असते. त्यातली एकही चुकून चालत नाही.

हे उतार बहुधा घळींमधून उतरतात. दोन कड्यांच्या मधली अरुंद, बर्फाने भरलेली घळ. सह्याद्रीतल्या नाळेने उतरलेल्या माणसाला तो आकार ओळखीचा वाटेल, फक्त दगडगोट्यांच्या जागी बर्फ असतो.

हे सुरू कोणी केलं?

या प्रकाराला ओळख मिळवून दिली ती स्वित्झर्लंडच्या सिल्व्हां सोदाँ यांनी. १९६७ साली ते फ्रान्समधल्या शामोनीजवळची स्पेन्सर नावाची घळ स्कीवर उतरले. तिथे चढायलाही लोक जपून जात असत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे १९७७ साली ते भारतातल्या नून शिखरावरून (७,१३५ मीटर) उतरले आणि १९८२ मध्ये पाकिस्तानातल्या गाशरब्रुम-१ या आठ हजारी (आठ हजार मीटरहून उंच) शिखराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत. पुढे कित्येक वर्षं काश्मीरमध्ये ते हेलिकॉप्टरने स्कीइंगच्या सहली चालवत. २०२४ मध्ये, ८७ वर्षांचे होऊन ते गेले. हे वय मी मुलांना मुद्दाम सांगते.

एव्हरेस्टवरून स्कीने कोणी उतरलंय का?

हो. स्लोव्हेनियाचे दावो कार्निचार ७ ऑक्टोबर २००० रोजी माथ्यापासून बेस कॅम्पपर्यंत स्कीवर उतरले. पोलंडचा आन्जेय बार्गिएल २०१८ मध्ये के-२ वरून (८,६११ मीटर) उतरला आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, सिलिंडरचा प्राणवायू न वापरता, एव्हरेस्टवरूनही. अमेरिकेची हिलरी नेल्सन आणि जिम मॉरिसन २०१८ मध्ये ल्होत्सेच्या घळीतून उतरले. त्याच्या आदल्याच वर्षी ही दोघं आपल्या हिमाचलातल्या पापसुरा (६,४५१ मीटर) शिखरावरून उतरली होती.

याच यादीतली दुसरी बाजूही वाचा. दक्षिण टिरोलचे हायनी होल्झर १९७७ मध्ये स्कीने उतरतानाच पडून गेले. फ्रान्सचा मार्को सिफ्रेदी २००२ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावरून स्नोबोर्डवर उत्तरेकडे निघाला आणि परत आलाच नाही. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. हिलरी नेल्सन २०२२ मध्ये नेपाळमधल्या मनास्लू शिखरावर मरण पावली. हे सगळे आपल्या कामात जगातले उत्तम लोक होते.

मग यात करिअर करावं असं तुम्ही सांगता की नको म्हणता?

गिर्यारोहणात करिअर करा असं मी मोकळेपणाने सांगते. उभ्या उतारावरच्या स्कीइंगवर पोट भरणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि तीसुद्धा बहुतेक वाटाडे, प्रशिक्षक किंवा छायाचित्रकार म्हणून घर चालवतात. तुम्हाला ते करावंसं वाटत असेल तर जरूर करा, पण त्याला आपल्या कामाचं टोक समजा. टोकाखालचा डोंगर आधी उभा राहू द्या.

सुरुवात कुठून करायची?

आपल्या शहरातल्या एखाद्या जुन्या संस्थेत जा. जिथे पहिल्या दिवशी गाठी शिकवतात, सोबतची माणसं एकमेकांच्या हार्नेसचं (दोर बांधायच्या कंबरपट्ट्याचं) बक्कल तपासून बघतात आणि ‘आज वारा आहे, आज चढायचं नाही’ असं सांगणारा कुणीतरी वडीलधारा आहे, ती संस्था बरी. जिथे पहिल्याच रविवारी सुळक्याच्या माथ्यावर फोटो मिळतो, तिथे थोडं थांबून विचार करा.

निदान दोन पावसाळे आणि दोन हिवाळे सह्याद्रीत घालवा. बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला शिका. ते काम नीट करणारा माणूस मिळणं हे उत्तम चढणारा मिळण्यापेक्षा कठीण असतं.

कोर्स कोणते आणि कुठे?

दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग म्हणजे ‘निम’ (१९६५), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि अरुणाचलात दिरांगची ‘निमास’. यांपैकी कुठेही बेसिक कोर्स करा. तो जवळपास महिनाभराचा असतो. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्सला बसता येतं. ॲडव्हान्सनंतर शोध-बचाव आणि शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स असतो. प्रशिक्षक व्हायचं असेल तर हा शेवटचा हवाच.

लोकप्रिय संस्थांच्या जागा फार आधी भरतात. तेव्हा दहावी-बारावीच्या सुटीत जायचं असेल तर फॉर्म त्याच्या वर्षभर आधी भरून ठेवा.

ग्रेडबद्दल एक गैरसमज दूर करते. नाशिकची मुलं कातळावर हमखास चमकतात. उत्तरकाशीजवळच्या तेखलाच्या कातळावर आपल्या मुलांकडे प्रशिक्षक कौतुकाने बघतात हे मी पाहिलं आहे. ग्रेड जाते ती हिमनदीवर, तंबूतल्या वागण्यात. ओले मोजे रात्री अंगाशी धरून सुकवायचा कंटाळा, पाणी कमी पिणं, डोकं दुखत असताना ते लपवणं. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटरवर आहे आणि साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. डोकं दुखणार, यात लाजण्यासारखं काही नाही. ते वेळेवर सांगणाऱ्याला चांगला प्रशिक्षक जास्त गुण देतो.

आणि स्कीइंग?

गुलमर्गमध्ये पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग शिकायला चांगलं. गुलमर्गचा गोंडोला (रोपवे) वरच्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या कुशीत जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. पण तिथून खालचा उतार हा मोकळा डोंगर आहे, शिकाऊ माणसाची जागा नव्हे.

पहिल्या आठवड्यात तुम्ही फक्त पडाल आणि उठाल. मी सतरा-अठरा वर्षं डोंगर चढल्यावर स्की पायात घातले आणि पहिल्याच सकाळी सात-आठ वर्षांच्या काश्मिरी मुलीने मला हात देऊन उठवलं. मला बर्फातलं काही कळतं असं तोवर वाटायचं. बूट घालून बर्फावर चालणं आणि त्याच्यावरून सरकणं या अगदी वेगळ्या भाषा आहेत. सकाळी नऊला तो काचेसारखा खडखडीत असतो, स्कीची धार करकरत जाते आणि पकड मिळत नाही. अकराच्या सुमारास वरचा थर इंचभर मऊ पडतो, आवाज बदलून ‘श्श्श’ असा येतो आणि वळणं आपोआप सुटतात. दुपारी दोनला तोच उतार साबुदाण्याच्या खिचडीसारखा ओला होतो, गुडघे ओढून धरतो. उभ्या उताराची स्वप्नं बघणाऱ्याने आधी हे आवाज पाठ करावेत.

साध्या स्कीइंगनंतर स्कीने डोंगर चढायची पायरी येते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, त्यामुळे स्की पुढे सरकतो, मागे घसरत नाही. उभा भाग आला की स्की पाठीवर, पायात क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे टोकदार काटे), हातात आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड). जो उतार आपण स्वतःच्या पायांनी चढलेलो नाही, त्यावरून उतरायचं नाही, असा नियम मी तरी पाळते. चढताना त्या बर्फाची पायरीपायरीला ओळख होत जाते.

भाड्याचं सामान चालेल का?

चालेल, पण बाइंडिंग स्वतः तपासा. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या त्या कुलपावर एक आकडा असतो. वजन, उंची, वय आणि तुमची तयारी बघून तो बसवायचा असतो. पडल्यावर योग्य वेळी बूट सुटावा म्हणून.

माझ्या दुसऱ्या हंगामात एका दुकानातून घेतलेल्या स्कीवर तो आकडा माझ्या वजनाच्या मानाने बराच वर होता. मी विचारलं नाही, त्यांनी पाहिलं नाही. मी पडले, स्की सुटला नाही, गुडघा फिरला. सहा महिने नाशिकमध्ये फिजिओथेरपीच्या टेबलावर गेले आणि एक अख्खा हिवाळा हातचा गेला. त्यानंतर बाइंडिंगचा स्क्रू फिरवायचा छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात कायम असतो.

उभ्या उतारावर प्रश्न उलटा होतो. तिथे बूट अवेळी सुटला तर माणूसच जातो, म्हणून अनेक जण पुढचं कुलूप पक्कं बंद करतात. ते करायचं की नाही हा निर्णय अनुभवाशिवाय घेता येत नाही.

वयाची अट?

बेसिकला साधारण सोळा-सतराच्या पुढे घेतात, वरची मर्यादा चाळिशीच्या आसपास. संस्थेनुसार फरक असतो. स्कीइंगला लहान वय जास्त चांगलं.

आम्ही शाकाहारी आहोत. अडचण येते का?

नाही. डाळ, शेंगदाणे, गूळ, पनीर, तूप. मी स्वतः आयुष्यभर एवढ्यावरच आहे.

हिमस्खलनाची भीती वाटते. त्यापासून वाचता येतं का?

भीती वाटते हे चांगलं आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर ‘निम’च्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. दोन डझनांहून अधिक माणसं गेली. त्यात सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. तिथे शिकवणारे आणि शिकणारे, दोघेही होते. कुणी म्हणालं की अनुभवी माणसाला काही होत नाही, तर त्याला ही तारीख सांगा.

कामाच्या गोष्टी अशा. सर्वाधिक धोक्याचे हिमपट्टे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून उभ्या जागी बर्फ फार साठण्याआधीच थोडाथोडा झरून जातो. पण उभ्या उतारापर्यंत जाण्याची वाट बहुधा त्या धोक्याच्या अंशांमधूनच असते. नवा बर्फ पडल्यावरचा दिवस, वाऱ्याने एका बाजूला लोटलेला थर, अचानक चढलेलं तापमान, या तीन गोष्टी रोज वहीत लिहा. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. गाडीतून उतरण्याआधी ते वाचायची सवय लावा.

प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं छोटं रेडिओ यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर चालतं), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची आशा चांगली असते, मग ती झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवणारे तुमच्याबरोबर असलेलेच. म्हणून आम्ही गोदावरीच्या वाळूत ट्रान्सीव्हर पुरून मुलांकडून शोधून घेतो. बर्फ नसला तरी बोटांना आणि कानांना सवय होते.

आणि बर्फाची तपासणी. लाहौलमधल्या एका सहा हजारी शिखराच्या वाटेवरची आठवण आहे. फावड्याने तीस बाय तीस सेंटिमीटरचा बर्फाचा खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि ठोके द्यायला लागलो. मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी ती पद्धत असते. मनगटाचे दहा झाले. कोपराच्या दुसऱ्या ठोक्याला वरचा हातभर जाडीचा तुकडा ड्रॉवर उघडावा तसा सरळ बाहेर सरकला. खाली साखरेच्या दाण्यांसारखा सुटा, भुसभुशीत थर. आकाश निळंशार होतं, माथा समोर दिसत होता, पोर्टरच्या पैशांसह सगळं खर्ची पडलं होतं. आम्ही परत फिरलो.

त्या दिवशी त्या उतारावरून काहीही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला कधीच कळणार नाही आणि त्यावाचून मला चालवून घ्यावं लागतं. या कामात यशाचा पुरावा मिळतो, शहाणपणाचा मिळत नाही. घरी आल्यावर ‘माथ्यावर पोचलात का?’ एवढंच विचारतात. तरुण मुलांवर त्या एका प्रश्नाचं ओझं किती असतं हे घरच्यांनी समजून घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

पैसे कुठून येतात?

प्रशिक्षकाची नोकरी, शाळांच्या साहस शिबिरांचं काम, लडाख-हिमाचलातल्या मोहिमांचं आयोजन आणि नेतृत्व, बचाव दलं, छायाचित्रण. शिवाय दोरावरचं औद्योगिक काम, जे मी हल्ली बऱ्याच मुलांना सुचवते. पवनचक्क्या, उंच इमारती, घाटातल्या दरडी. सप्तशृंगी गडावर दरडींसाठी कड्याला ज्या जाळ्या बसवल्या आहेत, तशी कामं दोराला लटकूनच होतात. त्याचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात डोंगरात जायला पैसे तिथून उभे राहतात.

सैन्य हा एक भक्कम मार्ग आहे. गुलमर्गचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल जवानांना बर्फावरचं सगळं शिकवतं. देवळाली आणि नाशिकरोडचा तोफखाना रोज डोळ्यांसमोर असलेल्या आपल्या मुलांना हे नवीन नाही.

प्रायोजक मिळतात, पण नावलौकिक झाल्यानंतर. त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नका.

नोकरी सोडू का?

आत्ता नको. आधी सलग तीन हिवाळे रजा काढून जाऊन या. तिसऱ्या वर्षीही थंडीने फुटलेले ओठ घेऊन परत येताना पुढच्या वर्षीचं तिकीट डोक्यात असेल, तर मला फोन करा.

एकुलती एक मुलगी आहे. पाठवू का?

हा प्रश्न आया विचारतात, बहुतेक वेळा मुलगी शेजारी नसताना. ताई, माझ्या आईनेही तो कुणाला तरी विचारला होता. सरकारी संस्थांत मुलींसाठी स्वतंत्र तुकड्या असतात, राहायची सोय वेगळी असते, आणि १९८४ मध्ये एव्हरेस्ट चढलेल्या बचेंद्री पाल ‘निम’मध्येच शिकल्या. तिथली काळजी करू नका. काळजी करायची ती खासगी मोहिमांची. सोबत बाई प्रशिक्षक आहे का, बचावाची व्यवस्था काय, आधी गेलेल्या मुलींशी बोलता येईल का, हे तुम्ही स्वतः विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याबरोबर पाठवू नका.

धोका शून्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी आई अजूनही मी बेस कॅम्पला परतल्याचा फोन येईपर्यंत देवघरातला दिवा विझू देत नाही.

विमा?

नेहमीच्या पॉलिसीत गिर्यारोहण बहुधा वगळलेलं असतं. बारीक अक्षरातला मजकूर वाचा आणि हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरला आहे का ते लेखी घ्या.

ऑलिंपिकला जाता येईल का?

उभ्या घळी उतरण्याचा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. स्कीने डोंगर चढण्या-उतरण्याची शर्यत मात्र २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली. साध्या अल्पाइन स्कीइंगमध्ये काश्मीरचा आरिफ खान २०२२ ला बीजिंगमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. नाशिकच्या मुलाला धावण्याचा पाया असेल तर चढाईच्या शर्यतीचा विचार जरूर करावा. आपल्या जिल्ह्याने लांब पल्ल्याचे धावपटू दिले आहेतच.

उद्यापासून काय करू?

पहाटे साडेपाचला पांडवलेणीच्या पायथ्याशी या. पाठीवर सॅक, त्यात आठ लिटर पाणी, पायात जुने बूट. पायऱ्यांनी वर जा, पाणी झाडांना घाला, रिकाम्या सॅकने सावकाश खाली या. उतरताना गुडघे किंचित वाकलेले, नजर चार पायऱ्या पुढे. हे आठवड्यातून तीनदा. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा खालच्या रस्त्यावरच चाला. एक वही आणा आणि त्या दिवसाचं तापमान, वारा आणि आभाळ पहिल्या पानापासून लिहायला लागा.